कराचीची बातमी आम्ही का लावली नाही

8 मे 2025, रात्रीचे साडेदहा. ऑपरेशन सिंदूरनंतर भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता. डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा अंक) छपाईला गेली होती आणि शहर आवृत्तीचं पहिलं पान पावणेएकला सोडायचं होतं. डेस्कवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच पट्टी फिरत होती: भारतीय नौदलाचा कराची बंदरावर हल्ला. एका वाहिनीने विमानवाहू युद्धनौका विक्रांतचं नाव घेतलं, दुसरीने बंदर बेचिराख करून टाकलं. वाचकांचे फोन दोन तऱ्हांचे होते. "कराची उडवली, तुमच्या वेबसाइटवर अजून का नाही?" आणि "सरकार सांगेल तेच छापणार ना तुम्ही?"

अशा वेळी मी कागदावर दोन रकाने आखतो. एकात 'कोण म्हणतं', दुसऱ्यात 'त्याला कसं कळलं'. त्याच संध्याकाळी जम्मू, पठाणकोट आणि उधमपूरच्या लष्करी तळांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आल्याचं संरक्षण यंत्रणेने नावानिशी जाहीर केलं होतं. तिथे दोन्ही रकाने भरले, बातमी 'अधिकृत माहितीनुसार' म्हणून मुख्य मथळ्यात गेली. कराचीच्या ओळीत पहिल्या रकान्यात 'सूत्रं' आणि दुसरा कोरा. चार वाहिन्या म्हणजे चार स्रोत धरायचे नाहीत. कोणी कोणाची पट्टी किती वाजता उचलली ते पाहत मागे गेलो, तर सगळे धागे नाव नसलेल्या पोस्टपाशी येऊन थांबत होते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. 26 एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून सूचना काढली होती. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना नेमलेला अधिकारी वेळोवेळी जेवढं सांगेल तेवढंच दाखवायचं, या नियमाची त्यात आठवण होती. 26/11ला मुंबईत थेट चित्रीकरणाने काय झालं ते आपण पाहिलंय, त्यामुळे या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण मग स्टुडिओत बसलेल्याला कराचीचं 'लाइव्ह' कुठून दिसत होतं?

कराचीवर विश्वास बसायला कारणही होतं. 4 डिसेंबर 1971च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर खरोखर मारा केला होता. नौदल दिन त्याच तारखेला असतो. झालेली गोष्ट पुन्हा झाली म्हणून सांगितली की ऐकणारा फार प्रश्न विचारत नाही.

तेवढ्यात वार्ताहराने आगीची क्लिप पाठवली. "सर, हे बघा, कराचीच आहे. सगळीकडे चालू आहे."

"मूळ फाइल आहे का?"

"नाही सर, ग्रुपवर आलीय."

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या व्हिडिओत चित्रीकरणाची वेळ, जागा, मोबाइलचं मॉडेल काहीच उरत नाही, त्यामुळे माहिती चित्रातूनच काढावी लागते. इनव्हिड या व्हिडिओ तपासायच्या साधनात क्लिपचे तुकडे केले आणि धूर कमी, आकार स्पष्ट अशा पाच-सहा फ्रेम चित्रावरून मूळ शोधणाऱ्या गूगल लेन्स आणि यांडेक्समध्ये टाकल्या. लोक इथे नेमकी भडक ज्वाळांची फ्रेम निवडतात आणि शोध फसतो. आगी सगळ्या सारख्याच दिसतात. पाटी, खांब, गाडीची नंबरप्लेट वेगळी असते. काही सापडलं नाही तर फ्रेम आरशासारखी उलटी करून पुन्हा टाकायची, कारण पकडलं जाऊ नये म्हणून क्लिप मुद्दाम उलटवतात. रस्ता दिसत असेल तर वाहतुकीची बाजूही बघायची. पाकिस्तानात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. ही क्लिप निघाली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. 31 जानेवारीला तिथे एक छोटं रुग्णवाहिका-विमान वस्तीत कोसळलं होतं, त्याची.

पण क्लिप खोटी ठरली म्हणून हल्ला खोटा ठरत नाही. खऱ्या घटनेलाही लोक जुनी चित्रं चिकटवतात. म्हणून नासाच्या फर्म्स नकाशावर कराची उघडलं. उपग्रहाला जमिनीवरची उष्णता जिथे दिसते तिथे हा नकाशा ठिपका देतो. एक ठिपका साधारण 375 मीटरच्या चौकोनाचा. अडचण अशी की ते उपग्रह रात्री दीडच्या सुमारास वरून जातात आणि माहिती यायला पुढे तीनेक तास लागू शकतात. आमचं पान पावणेएकला. शिवाय कराचीतल्या कोरंगीच्या रिफायनऱ्यांच्या ज्वाळांमुळे तिथे एरवीही ठिपका उमटू शकतो, तेव्हा आधीच्या आठ-दहा रात्रींशी ताडल्याशिवाय ठिपक्याला अर्थ नाही. जहाजांच्या नकाशावर युद्धनौका दिसायचं कारण नाही, त्या स्वतःची जागा जाहीर करत नाहीत. म्हणजे 'विक्रांत दिसत नाही' हा कशाचाच पुरावा नव्हता, ना इकडचा, ना तिकडचा.

पानावर शेवटी सिंगल कॉलम गेला: कराचीबाबत वाहिन्यांवर दावे, नौदलाकडून दुजोरा नाही. सकाळी शिव्या बऱ्याच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कराची पोर्ट ट्रस्टच्या एक्स खात्यावर मोठ्या नुकसानीची पोस्ट आली. पाठोपाठ, खातं हॅक झालं होतं आणि बंदर सुरळीत आहे, असा खुलासा. नावाची पाटी अधिकृत असली तरी मजकूर अधिकृत असेलच असं नाही.

इकडे पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती विभागाचं फॅक्टचेक खातं पाकिस्तानी बाजूचे दावे भराभर खोडत होतं. हजिरा बंदरावरचा म्हणून फिरणारा हल्ला 2021मधला टँकरचा स्फोट निघाला. ते काम चोख होतं, आम्ही वापरलंही. पण ते सरकारचं खातं आहे. सरकारच्या अडचणीचा खोटा दावा ते खोडणारच. सोयीचा खोटा दावा खोडण्याची घाई त्यांच्याकडून कशाला धरायची?

11 मेच्या संध्याकाळी तिन्ही दलांची पत्रकार परिषद झाली. व्हाइस अ‍ॅडमिरल प्रमोद म्हणाले, कराचीसह निवडक ठिकाणांवर, आम्हाला हवं तेव्हा मारा करण्याच्या तयारीत नौदल होतं. तयारीत होतं, म्हणजे मारा केलेला नव्हता. तीन दिवसांपूर्वीचं बेचिराख कराची या एका वाक्यात निकालात निघालं आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच परिषदेत आपली विमानं पडली का, असं विचारलं गेलं. एअर मार्शल भारतींनी सांगितलं की लढाईत नुकसान होतंच, आपले सगळे वैमानिक परत आले आहेत. उपसंपादकाने मथळा केला, 'सर्व विमानं सुखरूप'. मी टेप पुन्हा लावायला सांगितली. प्रश्न विमानांचा होता, उत्तर वैमानिकांचं. एकही शब्द खोटा नाही, फक्त विमानांचा आकडा त्यात नाही. मथळा बदलून 'सर्व वैमानिक परतले' केला आणि खाली एक ओळ जोडली: विमानांच्या नुकसानीबद्दल तपशील देण्यात आला नाही.

31 मेला सिंगापूरमध्ये तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं. सहा पाडल्याचा पाकिस्तानचा दावा साफ चुकीचा म्हणाले, आपला आकडा मात्र दिला नाही. बातमी लावताना 12 मेचं पान काढून समोर ठेवलं. खालची ओळ एक शब्द बदलून तशीच वापरता आली: 'तपशील'च्या जागी 'आकडा'.