झाडावरच्या वस्तू आणि त्यांची माणसं

१३ डिसेंबर

रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. बैठकीच्या खोलीतलं घड्याळ मी दिवसातून कितीदा तरी बघते, पण त्याचे आकडे कसे लिहिलेत हे कुणी विचारलं तर उठून बघावं लागेल. ख्रिसमसच्या झाडावरच्या वस्तूंचं तसं होत नाही. वर्षातले अकरा महिने त्या अंधारात असतात. बाहेर येतात तेव्हा आधी हातात येतात, आणि हातात आलेली वस्तू निरखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून त्यांना लागून असलेल्या आठवणी अजून कोऱ्या आहेत, असं मला वाटतं. वापरून गुळगुळीत झालेल्या नाहीत.

आज आईने खुर्चीत बसून एकेक पुडी सोडली. तिला आता फार वेळ उभं राहवत नाही. लेक पुडी घ्यायची, मी फांदी शोधायची. आई प्रत्येक वस्तूबरोबर तिची गोष्ट सांगते. दरवर्षी तीच गोष्ट, जवळजवळ त्याच शब्दांत. लहानपणी मला ते पाठांतर वाटायचं. आज मी कान देऊन ऐकलं, कारण यंदा दोन-तीन ठिकाणी ती थांबली, आणि पुढचं वाक्य मी पुरवलं.

आजीचा काचेचा पक्षी नेहमीप्रमाणे शेवटी निघाला. त्याला टांगायचा दोरा नाही. पोटाखाली तारेची स्प्रिंग आणि चिमटा आहे, तो फांदीला लावायचा. फांदी हलली की पक्षी डुलतो. शेपटी कातलेल्या काचेची, केसाहून बारीक तंतूंची. तिला हात लावायची आम्हा मुलांना सक्त मनाई होती. आजी स्वतःही पक्ष्याला पाठीवरच धरायची, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी धरल्याने तिथला निळा रंग उडून गेलाय. साधारण अंगठ्याएवढी चांदी उघडी पडली आहे. आज लेकीने पक्षी उचलला तेव्हा तिचा अंगठा बरोबर त्याच जागी बसला. कुणी सांगितलं नव्हतं, पण पक्षी धरायला दुसरी जागाच नाही. आजीला जाऊन किती वर्षं झाली! पण माझ्या लेकीला तिने आजही पक्षी कसा धरायचा ते शिकवलंच.

रंग गेला तरी चमक राहते, कारण चांदी आतून असते. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून साच्यात फुंकतात. गार झाल्यावर आत चांदीच्या क्षाराचं द्रावण घालून हलवतात, त्यामुळे आतल्या बाजूला आरसा तयार होतो. रंग त्यानंतर बाहेरून चढतो. जर्मनीत थुरिंगिया भागातलं लाउशा हे गाव या कामासाठी नावाजलेलं. तिथे १५९७ पासून काचेचा धंदा होता, आणि एकोणिसाव्या शतकात झाडावरचे गोळे नि आकृत्या घराघरांत बनू लागल्या. एकाने फुंकायचं, दुसऱ्याने चांदी फिरवायची, लहानांनी रंग द्यायचा, टोप्या बसवायच्या. आमचा पक्षी तिथलाच असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. पण असे पक्षी ज्यांनी पहिल्यांदा केले, ती माणसंही एका घरातली होती, एका टेबलाभोवती बसणारी, हे मला फार आवडतं.

पक्षी ओल्या फडक्याने पुसायचा नाही. पाण्याने बाहेरचा रंग सुटतो, आणि मानेतून ओल आत शिरली तर चांदीवर काळे डाग पडतात. मऊ कोरड्या ब्रशने अलगद धूळ झटकायची. हे आजीचं आईला, आईचं मला. आज मी ते लेकीला सांगितलं.

१४ डिसेंबर

मेणबत्तीचा चिमटा. पत्र्याचा, छोट्या वाटीचा, खाली दातेरी पकड. आम्ही त्यात मेणबत्ती कधीच लावली नाही. आईच्या लहानपणी लावायचे. तिचे वडील हातात ओलं फडकं घेऊन झाडाजवळ उभे राहायचे, नाताळगीत संपेपर्यंत, आणि गीत संपलं की स्वतः एकेक ज्योत विझवायचे. आई म्हणते, "आम्ही सगळे झाडाकडे बघत गात होतो आणि बाबा तेवढे झाडाकडे पाठ करून आमच्याकडे बघायचे." मला हे वाक्य कायम जपून ठेवायचं आहे.

विजेचे दिवे झाडावर येऊन तसा बराच काळ झाला. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले होते. पण घरोघरी मेणबत्त्या त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिल्या. चिमट्याच्या वाटीत मेणाचा एक थेंब अजून तसाच आहे, पिवळट, कडेने तडकलेला. आई तो खरवडू देत नाही. मीही देणार नाही.

१५ डिसेंबर

मासा आज टांगला. एक दिवस थांबून, एकटीने.

हा मासा सलाईनच्या नळीचा आहे. नळी उभी चिरून तिच्या पट्ट्या केल्यात, त्या एकमेकींत विणल्यात, शेपटीची टोकं कात्रीने तिरकी छाटलीत. डोळ्याच्या जागी लाल शाईचा ठिपका. प्लास्टिक एके काळी पारदर्शक होतं, आता चहाच्या फिक्या डागासारखं पिवळं झालंय.

त्या वर्षी बाबा डिसेंबरभर रुग्णालयात होते. घरी झाड उभं केलं नाही, खोका खाली काढलाच नाही. आई दिवसा तिथे, मोठी आत्या रात्री. मी आणि दादा शाळेतून थेट तिकडे जायचो आणि बाहेरच्या बाकावर गृहपाठ करायचो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी रात्रपाळीच्या परिचारिकेने उरलेल्या कोऱ्या नळीचा हा मासा विणून बाबांच्या उशाशी अडकवला. तिने आणखी दोन खाटांसाठीही विणले. एकीवर फूल, एकीवर देवदूत. मी तिला विणताना पाहिलं होतं. ती मान खाली घालून, घड्याळाकडे अधूनमधून बघत, भराभर पट्ट्या ओढत होती, आणि प्रत्येक पट्टी ओढली की नखाने दाबून बसवत होती. मला वाटतं, मी आयुष्यात कुणाचे हात इतक्या लक्षपूर्वक कधीच पाहिले नाहीत.

बाबा जानेवारीत घरी आले. येताना त्यांच्या शर्टाच्या खिशात मासा होता. पुढच्या डिसेंबरात झाड उभं राहिलं तेव्हा आई म्हणाली, तो नको लावू या, ते दिवस पुन्हा आठवायला नकोत. बाबा म्हणाले, "त्या वर्षीचं आपल्याकडे एवढंच आहे. तो लागलाच पाहिजे." आणि त्यांनी तो स्वतः लावला. समोर, खालच्या फांदीवर, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढे बरीच वर्षं बाबा आमच्यात होते, आणि ती फांदी माशाचीच राहिली.

घरातल्या आल्बममध्ये त्या महिन्याचं एकही छायाचित्र नाही. तसं ते नसतंच. माणूस आजारपणात कॅमेरा काढत नाही. आल्बम आनंदाचेच असतात, पण झाड तसं नाही. झाडावर वाईट वर्षालाही फांदी मिळते. नुसत्या सुंदर वस्तूंचं झाड मला डोळ्यांना गोड वाटतं, पण त्यासमोर मी फार वेळ उभी राहू शकत नाही. आमच्या झाडासमोर तासभर बसता येतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकी गोळ्यांबद्दल वाचलं होतं, ते आज आठवलं. तिथल्या कॉर्निंग कंपनीने १९३९ मध्ये विजेचे दिवे फुंकणाऱ्या यंत्रावर झाडाचे गोळे काढायला सुरुवात केली होती. मग युद्ध आलं, चांदी आणि धातू दुसरीकडे लागू लागले. त्या वर्षांचे गोळे आतून कोरे, साध्या काचेचे, वर दोन-तीन रंगीत पट्टे आणि धातूच्या टोपीऐवजी पुठ्ठ्याची टोपी. ज्यांच्याकडे ते गोळे अजून आहेत त्यांना वर्ष विचारावं लागत नसेल. टंचाई गोळ्यातच दिसते. आमच्या माशाचंही तेच. त्यावर तारीख नाही, पण तो दुसऱ्या कुठल्या वर्षाचा असूच शकत नाही.

लेकीने विचारलं, "हा मासा का? झाडावर मासा कशाला?" मी सांगायला सुरुवात केली, आणि आईने खुर्चीतून हात वर करून मला थांबवलं. तिला स्वतः सांगायचं होतं. तिने कधी न सांगितलेलं आज सांगितलं. ती परिचारिका त्या रात्री निघताना बाबांना म्हणाली होती की तिच्याही घरी लहान मुलं आहेत, झाड त्यांनी बापाबरोबर लावलंय, ती सकाळी जाऊन बघेल. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मासा माझ्यासाठी फक्त बाबांचा होता.

१७ डिसेंबर

आत्याचे तारे लावले. क्रोशाचे, खळ घालून ताठ केलेले. आत्या नमुना बघून विणत नसे, म्हणून एकाला पाच टोकं, एकाला सात, एकाला मोजता न येणारी. ती गेल्यावर आतेबहिणीने सगळे तारे पलंगावर मांडले आणि म्हणाली, ज्याला जो आठवतो त्याने तो घ्यावा. समान वाटणी नाही, आठवण असेल त्याचा तारा. मला आजवर पाहिलेल्या वाटण्यांमध्ये ही सगळ्यात न्याय्य वाटते. आता ते चार घरांत आहेत. दरवर्षी आम्ही आपापल्या ताऱ्यांची छायाचित्रं एकमेकींना पाठवतो. आत्याचं झाड असं अजून दरवर्षी लागतं, एका जागी नाही एवढंच.

लाल गोळे लेकीने लावले. चोवीस डिसेंबर हा जुन्या युरोपात आदाम आणि हव्वेचा दिवस मानत, आणि त्या दिवसाच्या नाटकासाठी हिरव्या झाडाला लाल सफरचंदं बांधत. गोळे त्या सफरचंदांचेच वंशज म्हणतात. लेकीला हे ऐकून त्यातला एक गोळा चावून बघावासा वाटला. आगपेटीची गव्हाणी मात्र तिने कुणालाच लावू दिली नाही. ती दादाने शाळेत केली होती. कापसावर निजलेला बाळ येशू म्हणजे काडीचं एक टोक, गुलाची बाजू काळ्या केसांसारखी ठेवून. दादा तेव्हा आठेक वर्षांचा असेल. इतकी नेमकी कल्पना मोठ्या माणसाला सुचली नसती.

१८ डिसेंबर

पितळेची घंटी. तिच्यावरून आमच्याकडे तीन गोष्टी आहेत.

माझी गोष्ट अशी की, रविवारच्या शाळेच्या नाटकात मी मेंढपाळ होते आणि माझ्या काठीला ही घंटी बांधली होती. मला काठीचं वजन आठवतं, घंटीचा आवाज आठवतो. दादा म्हणतो, ही आत्याने पाठवलेल्या भेटीच्या पुडक्याला बांधून आली, पुडकं त्याने सोडलं, आणि नाटकाची घंटी वेगळी होती, ती पत्र्याची. आई म्हणते, तुम्ही दोघं जन्मायच्या आधीपासून ती घरात आहे.

तिघंही खात्रीने सांगतो. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की आपण आठवतो तेव्हा आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, दरवेळी ती थोडी नव्याने रचतो, आणि ती रचना पुन्हा आत ठेवली जाते. म्हणजे दरवर्षी घंटी टांगताना आम्ही तिघांनी आपापली गोष्ट आणखी पक्की केली. खरं काय ते आता घंटीलाच माहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या गोष्टीत मी रंगमंचावर आहे आणि बाबा पहिल्या रांगेत. दादाच्या गोष्टीत आत्या आहे. आईच्या गोष्टीत ती आणि बाबा दोघंच, नव्या घरात, आम्ही अजून नसताना. यातलं काय सोडायचं?

म्हणून ठरवलं, प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवायची. वस्तू स्वतः बोलत नाही. पक्ष्याच्या पाठीवरची चांदी अनोळखी माणसाला फक्त उडालेला रंग वाटेल. मासा तर कुणी कचऱ्यातच टाकेल. सांगणारं माणूस असेपर्यंतच ती आठवण, नंतर नुसतं प्लास्टिक. आई सांगतेय तोवर तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं, माझ्या भाषेत सुधारून नाही.

२० डिसेंबर

तीन संध्याकाळी आई बोलली आणि मी लिहिलं. जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पेन्सिलने. शाई फुटते, ओलीत पसरते. पुड्यांचा जुना वर्तमानपत्राचा कागद या वेळी बदलणार आहे. त्यातल्या आम्लाने रंग खराब होतो, म्हणून साधा पांढरा आम्लविरहित कागद आणलाय. पण आजीच्या हातची एक पुडी तशीच ठेवेन, तिच्या घड्यांसकट.

माशाची चिठ्ठी लेकीने लिहिली. "हा मासा एका ताईंनी आजोबांसाठी केला. त्यांना सकाळी घरी जायचं होतं." एवढंच. मी त्यात काही घातलं नाही.

घंटीच्या चिठ्ठीवर वर आईची गोष्ट, खाली माझी. दादा तेवीस तारखेला येतोय. त्याच्यासाठी अर्धी बाजू कोरी सोडली आहे, आणि फोनवर सांगूनही ठेवलंय की पुडक्याला कोणत्या रंगाची दोरी होती ते आठवून ये. लगेच म्हणाला, हिरवी.