वीण दिसायला, ओझं कापडाला

सोमवार

बाळ अंगाला बांधून न्यायच्या झोळीला विणलेला तुकडा लावायचा आहे. त्याचा नमुना विणून, धुऊन, वाळवून झाला. मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेला) सुती दोरा, ४ मि.मी.च्या सुया, १५ सेंमीचा चौकोन, साधी सुलट-उलट वीण. खाली चिमट्याने किलोभर तांदळाची पिशवी अडकवून रात्रभर टांगला. सकाळी लांबट, निमुळता! दोऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. वीण म्हणजे फासात अडकलेला फास. वजन पडलं की तो लांबतो आणि शेजारच्या टाक्यातला दोरा ओढून घेतो. लुगड्याच्या झोळीत उभ्या-आडव्या धाग्यांना एवढी मोकळीक नसते, ती ताणते ती तिरक्या अंगाने. तेव्हा बाळाचं वजन विणकामावर टाकायचंच नाही. आत कॅनव्हास हवा.

बुधवार

वीण बदलली. टाके सम संख्येत. सुलट ओळीत एक सुलट, पुढच्या टाक्याला दोरा पुढे आणून तो न विणता सरकवायचा. उलट ओळीत एक उलट, पुढच्याला दोरा मागे नेऊन सरकवायचा. हेच ओळीच्या शेवटापर्यंत. वीण कापडासारखी घट्ट होते, पण इतकी आवळते की सुई ४.५ची घ्यावी लागते. ओळी भरपूर लागतात, उंची काही केल्या वाढत नाही.

धुतलेल्या नमुन्यात १० सेंमीला २६ टाके. ३६ सेंमी रुंदीला ९३.६, म्हणजे ९४. उंची ४० सेंमी. टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई, नाहीतर वरची कड आखडते. जाळीची नक्षी मोहात पाडते, पण भोकात बाळाची बोटं अडकतात. लोकरही नको: बाळ कड चोखतं, तोंडात तंतू जातात. बटणं, मणी तर नकोतच.

शुक्रवार

धाटणी चिनी ‘मे ताई’ची: चौकोनी पाठ, कमरेला बंद, खांद्यावरून दोन लांब पट्टे. कॅनव्हास आधी गरम पाण्यातून काढायचा, आटायचा तेवढा आटू दे. मग तो विणलेल्या तुकड्यापेक्षा अर्धा सेंमी आखूड बेतायचा. वीण आखूड पडली तर पहिला ताण तिच्यावरच येतो, आणि चूक बहुतेक इथेच होते.

खांद्याचे पट्टे दुहेरी कापडाचे, प्रत्येकी सुमारे दोन मीटर. टोकं कॅनव्हासच्या आत ५ सेंमी घालून चौकोन शिवायचा, त्यात फुली. मशीनला १६ नंबरची सुई, दोरा पॉलिएस्टरचा. विणलेला तुकडा अगदी शेवटी, हाताने टाचायचा. मशीनच्या पायाखाली तो ताणला जातो आणि कडेला लाटा येतात.

रविवार

१० किलो तांदूळ बांधून घरभर अर्धा तास. नंतर प्रत्येक फुली उजेडात ताणून पाहायची. टाका सुटलेला दिसला तर वरून दुसरी शिलाई मारून भागत नाही, उसवून पुन्हा.

बाळ घालताना गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार. चेहरा उघडा आणि नजरेसमोर, हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. चार महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

धुतल्यावर दोरीवर टांगायचं नाही. ओल्या सुताचं वजन वीण ओढतं. चादरीवर आडवं पसरून वाळवायचं, पावसाळ्यात पंख्याखाली.