इटालियन क्रियापदांत जोर कुठे द्यायचा: माझा अनुभव

इटालियन क्रियापदांचे तक्ते मी आधी देवनागरीत लिहून पाठ केले आणि उच्चार तिथेच बिघडला. ‘ते राहतात’ याला ‘आबितानो’ लिहिलं की मराठी वाचणारा ‘ता’चा काना पाहून तिथेच लांबवतो. खरा जोर शेवटून चौथ्या अक्षरावर आहे: आऽ-बि-ता-नो. म्हणून मी जोराच्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ) मांडू लागले आणि बाकीचे ‘आ’ आखूड म्हणू लागले.

जोराची जागा ‘मी’च्या रूपावरून कळते. आऽबितो, म्हणून आऽबितानो. तेलेऽफोनो, म्हणून तेलेऽफोनानो. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत मात्र तो पुढे सरकतो: पार्-ल्याऽ-मो, पार्-लाऽ-ते. मूळ रूपावर विसंबून चालत नाही. ‘आबितारे’ आणि ‘इन्वितारे’ दिसायला जुळी, पण ‘मी’ची रूपं आऽ-बि-तो आणि इन्-वीऽ-तो. झिंगारेल्ली शब्दकोशात क्रियापदाशेजारी ‘मी’चं रूप आघातचिन्हासह मिळतं, ते पाहिल्याशिवाय मी नवं क्रियापद वहीत घेत नाही. एरवीच्या इटालियन लिखाणात चिन्ह दिसतं ते जोर शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हा: पार्लो म्हणजे ‘मी बोलतो’, पार्लोऽ म्हणजे ‘तो बोलला’.

अक्षरं तोडताना द्वित्त (दुहेरी व्यंजन) मधून फुटतं: लेग्-गो. ‘न’ किंवा ‘र’नंतर व्यंजन आलं तरी तसंच: कान्-तो, पार्-लो. लिहिताना ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला चिकटतो: का-पि-स्को. मराठी सवयीने आपण ‘कापिस्-को’ तोडतो.

द्वित्त गिळलं तर अर्थच बदलतो. पार्-ले-रेऽ-मो भविष्यकाळ, पार्-ले-रेम्-मो संकेतार्थ. आपल्याला ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे ऐकू येतात, तोच कान इथे लावायचा.

मराठीची आणखी एक मोठी मदत: ‘आल्त्सो’त ‘चाक’मधला च, ‘प्रान्द्झो’त ‘जाड’मधला ज. इंग्रजीतून शिकवताना यासाठी बरंच समजवावं लागतं, आपल्या तोंडात ते आधीच आहेत.

सगळ्यात जास्त वेळ ‘वाचणे’ने घेतला: लेग्-गो, लेज्-जी, लेज्-जे, लेज्-जाऽ-मो, लेज्-जेऽ-ते आणि पुन्हा लेग्-गो-नो. मधल्या चारांत ‘जीव’मधला ज, दोन्ही टोकांना ग. सहाही रूपं ओळीने, मोठ्याने म्हटली की ‘ते’च्या रूपात ज घुसतो तो लगेच ऐकू येतो.