तुम्ही विचारलंत म्हणून: सिलॅबसमध्ये नाही ते का शिकवता?

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारतात, पालकसभेत विचारतात आणि हल्ली प्लेसमेंटच्या तयारीला लागलेली मुलंही विचारतात. "मॅडम, आहे तोच सिलॅबस सेमिस्टरमध्ये उरकत नाही. त्यात अंधांना वापरता येईल अशी वेबसाइट, माउसशिवाय चालणारा फॉर्म, हे सगळं कशाला? इंटरव्ह्यूत कोण विचारतं?" विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते. वेळ खरंच कमी असतो. म्हणून या 'सुलभते'बद्दल, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशी वेबसाइट किंवा ॲप बनवण्याबद्दल, एकदा सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर शाखेच्या मुलामुलींना वेब आणि ॲपचे विषय शिकवते. त्यातली निम्मीअधिक करवीर, कागल, राधानगरी, पन्हाळा अशा तालुक्यांतून एसटीने येतात. साहजिकच मिनी प्रोजेक्टला कुणीतरी दूध संस्थेचं ॲप निवडतंच. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि दहा दिवसांचं बिल, सगळं एका स्क्रीनवर. "वापरणार कोण?" असं विचारलं की उत्तर येतं, "शेतकरी." मग मी आणखी खोदते. दूध घालायला तुमच्या घरातून कोण जातं? आई जाते, आजी जाते. पहाटे, पुरतं उजाडायच्या आधी. एका हातात किटली, दुसरा हात ओला, डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला आणि फोन नातवाने वापरून दिलेला, काचेला तडा गेलेला.

आता याच आजीसाठी ॲपमधली अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी असतात, कारण तसं 'प्रोफेशनल' दिसतं. वेब सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी नावाची, त्यांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. मुलांचा आवडता ९९९९९९ या कोडचा राखाडी पांढऱ्यावर २.८५ च्या आसपास भरतो. ७६७६७६ घेतला की काठावर पास. रंगाचा कोड बदलायला अर्धं मिनिटही लागत नाही. फॅट कमी लागली की आकडा फक्त लाल करायचा ही दुसरी सवय. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, आणि पुरुषांत असे बरेच असतात, त्यांना त्यातून काहीच समजत नाही. आकड्याशेजारी 'कमी' एवढा शब्द लिहिला की काम झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेचं किमान मापही दिलंय, २४ बाय २४ पिक्सेल. ओल्या बोटासाठी मी त्याच्या दुप्पट मागते.

स्टाफरूममधला खरा वाद पुढचा आहे. काही सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की एवढं महत्त्वाचं वाटतंय तर याचा वेगळा ऐच्छिक विषय करा, आवड असणारे घेतील. माझा याला ठाम विरोध आहे. ऐच्छिक विषय ज्यांना आधीच कळकळ आहे तेच घेतात. उरलेला सगळा वर्ग नोकरीला लागतो आणि बँकेचे, परीक्षेचे, दवाखान्याचे फॉर्म तोच बनवतो. एचटीएमएलच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आपण फॉर्म शिकवतोच. तेव्हाच प्रत्येक रकान्याला 'लेबल', म्हणजे तिथे काय भरायचं ते सांगणारं नाव, जोडायला शिकवलं, रकान्यातल्या पुसट प्लेसहोल्डरवर भागवू दिलं नाही, बटनासाठी 'डिव्ह' हा नुसता चौकोन न वापरता 'बटन' हाच टॅग वापरायला लावला, तर जादा तास कुठला लागतो? तीच गोष्ट पण नीट शिकवायची आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला रिक्वायरमेंट लिहिताना वापरणारा कोण ते लिहायला लावते, टेस्टिंगला माउस काढून घेते. डेटा स्ट्रक्चरमध्ये ओढूनताणून आणत नाही, तिथे त्याची जागा नाही.

मुलांच्या मनात हे सगळ्यात पक्कं कधी बसतं, तर आमच्याच भागातले, बँकेत नोकरी करणारे एक अंध गृहस्थ लॅबमध्ये येतात तेव्हा. त्यांना बाहेरच्या कुठल्याही तज्ज्ञाएवढंच मानधन देतो, आणि तो आग्रह माझा आहे. ते आल्याआल्या मॉनिटर बंद करायला सांगतात आणि एनव्हीडीए सुरू करतात. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. गृहस्थ तो एवढ्या वेगाने ऐकतात की मुलांना एक शब्द पकडता येत नाही. मग मुलांसाठी वेग कमी करतात आणि एखाद्या गटाचा फॉर्म उघडून टॅब दाबत एकेका रकान्यावरून पुढे जातात. स्पीकरमधून येतं, "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." नाव कुठे, मोबाइल नंबर कुठे, खाते क्रमांक कुठे, काही पत्ता नाही. शेवटी नुसतं "बटन".

"हे बटन कशाचं?" ते विचारतात.

"सर, सबमिटचं. त्यावर बाणाचं चित्र आहे."

"मला ते फक्त बटन आहे एवढंच सांगतंय. पैसे पाठवायचं आहे की सगळं पुसायचं, मी कसं ओळखू?"

त्यानंतर लेबल का लावायचं हे मला फळ्यावर लिहावं लागत नाही. त्याच तासाला मुलं फॉर्म दुरुस्त करतात, पुन्हा टॅब दाबतात आणि "खाते क्रमांक, एडिट" ऐकू आलं की मागच्या बाकावरची पोरंही पुढे येऊन उभी राहतात.

काही ठिकाणी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कॉम्प्युटर वापरायला लावतात. मी ते करत नाही. पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत कळतं ते एवढंच, की आपल्याला काही जमत नाहीये. घरी जाताना तो भीती आणि कीव घेऊन जातो. अंध माणूस वर्षानुवर्षांच्या सरावाने किती सराईतपणे मशीन चालवतो आणि आपल्या कोडमुळे नेमका कुठे अडतो, हे त्यातून दिसत नाही. मला मुलांना नेमकं तेच दाखवायचं असतं.

कोल्हापूरला हे सगळं परकं नाही. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून इथे १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. रॅम्प का हवा, दरवाजा किती रुंद हवा, हे या शहरातल्या पुष्कळ लोकांना त्यांच्यामुळे कळलं. स्क्रीनवरच्या पायऱ्या मात्र अजून बहुतेकांना दिसतच नाहीत.

मराठीचा मुद्दा वेगळा काढते, कारण इंग्रजी पुस्तकांत तो सापडत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवली नाही, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच चालू राहतो आणि असे काही आवाज देवनागरी अक्षरं वगळून सरळ पुढे जातात. एका ओळीतला एवढासा बदल केला की एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीत बोलायला लागतो. तो यांत्रिक आहे, पण समजतं. याच नोंदीमुळे काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श उमटतात, हिंदी वळणाचे येत नाहीत. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, स्क्रीन रीडर तेच बडबडतो. आणि स्कॅन करून पीडीएफ केलेलं परिपत्रक म्हणजे त्याच्या लेखी कोरा कागद. नोट्स देताना आपण शिक्षकही हेच करतो. सुलभता शिकवायची आणि त्याच धड्याची फोटो काढलेली पानं व्हॉट्सॲपवर टाकायची, हे चालणार नाही.

चित्रांच्या वर्णनाचा सराव मला स्वतःला फार आवडतो. लाइटहाउससारखं वेबपान आपोआप तपासणारं टूल चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच तपासतं. तिथे नुसतं 'फोटो' लिहिलं तरी ते पास करतं. म्हणून मी खासबाग मैदानाचा एकच फोटो देते आणि दोन पानांसाठी वर्णन लिहायला सांगते. शहराच्या इतिहासाच्या पानावर एका मुलीने लिहिलं, "गोल मैदान, चहूबाजूंनी माणसांनी भरलेला उतार, मधोमध लाल मातीचा आखाडा." कुस्तीच्या बातमीसाठी तिच्याच शेजारच्या मुलाने लिहिलं, "निळ्या लंगोटाचा पैलवान घिस्सा मारण्याच्या पवित्र्यात, खालचा मातीला चिकटून." फोटो तोच, पण वाचणारा कशासाठी आलाय त्यावर वर्णन बदलतं. हे कुठलंही टूल तपासू शकत नाही. शिवाय इंग्रजीच्या धाकाने वर्गात गप्प बसणारी मुलं या तासाला सगळ्यांत चांगलं लिहितात.

आता प्लेसमेंटचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोडतात आणि कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेबद्दलच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, बंधनकारक किमान निकष ठरवा, असं केंद्राला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर मी वर्गात वाचूनच दाखवते. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, त्यांना ऑनलाइन केवायसी जमत नव्हतं, कारण 'जिवंत आहात' हे सिद्ध करायला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवावे लागत. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ती डोळे मिचकवण्याची अट कुठल्यातरी टीमने लिहिली होती. आमची मुलं उद्या तशाच टीममध्ये बसणार आहेत. युरोपचा सुलभता कायदाही २८ जून २०२५ पासून लागू झालाय आणि तिकडच्या ग्राहकांसाठी बँकिंग किंवा ऑनलाइन खरेदीची कामं करणाऱ्या पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना तो टाळता येणार नाही. तेव्हा इंटरव्ह्यूत विचारतील की नाही ही काळजी सोडा. विचारलं नाही, तर मुलांनी आपणहून सांगावं.

राहिला गुणांचा प्रश्न. ज्याला मार्क नाहीत ते मुलं वाचत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. माझ्या टर्म वर्कमध्ये मी हे मोजते: फॉर्म माउसशिवाय शेवटपर्यंत भरता येतो का, टॅब दाबताना आपण कुठल्या रकान्यात आहोत ते दिसतं का, चुकीचा मोबाइल नंबर टाकला तर काय चुकलं ते शब्दांत कळतं का. पण एक्स्टर्नलच्या गुणपत्रिकेत यातलं काहीच नाही, त्यामुळे फायनलला तेच मूल पुन्हा राखाडी अक्षरांकडे वळतं. अभ्यास मंडळाकडे मी मागणी करते आहे, की वेब आणि मोबाइलच्या प्रॅक्टिकलच्या गुणांत माउस काढून घेतलेल्या या चाचणीला जागा द्यावी. तुमच्यापैकी जे एक्स्टर्नल म्हणून जातात, त्यांनी तोवर ओरलला एवढा एक प्रश्न जरूर विचारावा: "हा फॉर्म मला नुसत्या कीबोर्डवर भरून दाखव."