दोन विंचूर

ग्राहकाचा मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर) ५.७ या आवृत्तीवरून ८.० वर न्यायचा ठरला की आमच्या ऑफिसात आधी टेस्ट पडतात, म्हणजे नापास होतात, आणि मग वाद होतात. ५.७चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. पण नीट चाललेल्या सर्व्हरला हात लावायला कोण तयार असतं? म्हणून ही कामं नाशिकमध्ये आमच्याकडे अजूनही येत राहतात. हे काम निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याचं. आवक, तोल, गाडीभाडं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या), सगळं एकाच डेटाबेसमध्ये. रविवारी लिलाव नसतो, तेव्हा सर्व्हर रविवारी बदलायचा ठरला. गुरुवारी सकाळी आम्ही त्यांच्या सगळ्या टेस्ट पहिल्यांदा नव्या सर्व्हरवर सोडल्या.

टेस्टसाठी आम्ही वेगळं काही वापरत नाही. मायएसक्यूएल बनवणारे लोक स्वतःचा सर्व्हर ज्यावर तपासतात, तेच एमटीआर वापरतो. पर्लमधली जुनी स्क्रिप्ट आहे. एका फोल्डरमध्ये टेस्टची फाइल, तिच्यात साध्या एसक्यूएलच्या ओळी. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच नावाची निकालाची फाइल. एमटीआर कोरा सर्व्हर उभा करतं, ओळी चालवतं आणि आलेलं आउटपुट निकालाशी अक्षरन् अक्षर ताडून बघतं. जरा फरक पडला की टेस्ट पडली. एक पडली की बाकीच्या तिथेच थांबतात, म्हणून आम्ही 'फोर्स' लावतो, म्हणजे शेवटी पडलेल्या सगळ्यांची यादी एकदम हातात येते.

आणि एक असतं 'रेकॉर्ड'. ते लावून टेस्ट चालवली की आत्ता जे आउटपुट आलं तेच 'बरोबर उत्तर' म्हणून निकालाच्या फाइलमध्ये जातं. नवी टेस्ट लिहिताना ते लागतंच. पण माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत धोक्याची गोष्ट हीच. सर्व्हर आज काय म्हणतोय ते रेकॉर्ड इमानदारीने लिहून घेतं. त्याने काय म्हणायला हवं होतं, ते त्याला कसं कळणार?

त्या दिवशी यादी एवढी लांब आली की स्क्रोल करावी लागली. आमच्याकडे नवीनच लागलेल्या मुलाने दोन-चार फाइली उघडून बघितल्या आणि म्हणाला, "मॅम, सगळीकडे तेच आहे. ओळी त्याच, फक्त वरखाली झाल्यात. रेकॉर्ड मारू का सगळ्यांवर?"

त्याचं निदान चुकलेलं नव्हतं. ५.७ पर्यंत ग्रुप बाय (कॉलममधल्या सारख्या नावांचे गट करणं) लावलं की निकाल आपोआप त्याच कॉलमच्या क्रमाने लागून यायचा. ८.० ने ती सवय सोडली. क्रम हवा असेल तर ऑर्डर बाय लिहा, नाहीतर सर्व्हर देईल तो क्रम घ्या. आमच्या जुन्या टेस्ट लिहिणाऱ्यांनी (ते आता पुण्यात असतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते) ऑर्डर बाय कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी मी टेस्टमधली क्वेरी बदलत नाही. ऑर्डर बाय घातलं की सर्व्हर ती क्वेरी वेगळ्या वाटेने सोडवू शकतो, मग आपण भलतंच तपासत बसतो. एमटीआरमध्ये 'सॉर्टेड रिझल्ट' अशी एक ओळ क्वेरीच्या आधी लिहिता येते. क्वेरी आहे तशीच चालते, आउटपुट तेवढं लावून घेतलं जातं. त्याला म्हटलं, "आधी ही ओळ घाल सगळीकडे, परत चालव. आवाज कमी झाला की मग बघू काय उरतंय ते."

आमच्या सरांना हे फार पसंत पडलं नाही. रविवार जवळ आला होता. पण यादी खरंच आटली. जी थोडी राहिली त्यात गावनिहाय आवकेचा रिपोर्ट होता, आणि त्याचा डिफ (जुन्या-नव्या निकालातला फरक) बघून पोरगा गडबडला. वजाच्या खुणेची, म्हणजे अपेक्षित, एक ओळ: विंचूर, ३. अधिकच्या खुणेच्या, म्हणजे आत्ता आलेल्या, दोन: विंचूर, २ आणि विंचूर, १.

"मॅम, एकच गाव दोनदा? ग्रुप बाय बिघडलं की काय ८.० मध्ये?"

सर्व्हरवर आळ घेण्याआधी डेटा बघावा, हा माझा नियम. दोन्ही ओळींवर कॅरॅक्टर लेंथ लावली (ती वेलांटी, उकार, अनुस्वारही वेगळे मोजते). एकीकडे ६, दुसरीकडे ७. हेक्स (अक्षरांचे आतले आकडे) काढलं, तर दुसऱ्याच्या शेपटाला २० चिकटलेलं. म्हणजे स्पेस. डिफमध्ये ती दिसणारच नव्हती, कारण एमटीआरच्या निकालात दोन कॉलमच्या मध्ये टॅब असतो आणि टॅबच्या आधीची एक मोकळी जागा कुणाच्या डोळ्याला दिसते?

टेस्टमधल्या या ओळी कधीतरी ग्राहकाच्या खऱ्या डेटातून उचललेल्या होत्या. म्हणून तिकडच्या मुनीमजींना फोन लावला. गेटवर गावाचं नाव कसं टाकता, विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, पोरगं मोबाइलवरच टाकतं. वि लिहिलं की खाली विंचूर येतं, त्यावर बोट ठेवलं की झालं." झालं खरंच. सुचवलेला शब्द निवडला की मोबाइलचा कीबोर्ड पुढे स्वतःहून एक स्पेस सोडतो. कधी मजकूर तसाच सेव्ह व्हायचा, कधी पोरगं मागे जाऊन ती खोडायचं.

मग इतकी वर्षं घोटाळा का झाला नाही? घोडं इथेच पेंड खात होतं. यूटीएफ८एमबी४ या कॅरॅक्टर सेटचं (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) ५.७ मधलं ठरलेलं कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना करायचे नियम, 'जनरल सीआय'. तुलना करताना ते शेवटच्या स्पेस मोजतच नाही. ८.० मध्ये ठरलेलं कोलेशन बदलून '०९०० एआय सीआय' झालं, आणि ते स्पेसला अक्षराइतकीच किंमत देतं. आता जुनं टेबल जागच्या जागी अपग्रेड केलं तर त्याचं कोलेशन तसंच राहतं. पण आम्ही डंप (डेटाबेसची फाइलमधली नक्कल) काढून नव्या मशीनवर भरणार होतो. आणि ५.७ चा डंप टेबलची व्याख्या लिहिताना, कोलेशन त्या सेटचं ठरलेलंच असेल तर ते लिहीतच नाही, फक्त कॅरॅक्टर सेट लिहितो. तो डंप ८.० ने वाचला की रिकाम्या जागी तो स्वतःचं ठरलेलं कोलेशन बसवतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. आमच्या टेस्टमधल्या टेबलांच्या व्याख्याही अशाच डंपमधून चिकटवलेल्या होत्या, म्हणून बरं. कुणी हौसेने नीट कोलेशन लिहिलं असतं तर टेस्ट हिरव्या राहिल्या असत्या आणि रविवारी खरा डेटा फुटला असता.

पुढची पडलेली टेस्ट यातूनच उलगडली. गावांच्या मास्टरवर (मूळ यादीच्या टेबलवर) युनिक की आहे, एकच नाव दोनदा चालत नाही. टेस्टमध्ये 'विंचूर' घातल्यावर स्पेसवालं 'विंचूर' घालायचं आणि १०६२, म्हणजे डुप्लिकेटची एरर, आलीच पाहिजे. एमटीआर सांगत होतं की क्वेरी यशस्वी झाली, खरं तर ती पडायला हवी होती. तोवर आमच्या त्या नव्या मुलाच्या डोक्यात एररची अपेक्षा करणारी ती ओळच काढून टाकायचं आलं होतं. आता त्यानेच तो विचार सोडला.

सर म्हणाले, "कॉन्फिगमध्ये सर्व्हरचं कोलेशन जनरल सीआय करा, विषय संपला." करून दाखवलं. टेस्ट तशीच पडली. टेबलच्या व्याख्येत कॅरॅक्टर सेट लिहिलेला असेल तर सर्व्हर कॉन्फिगमधल्या कोलेशनकडे बघत नाही, त्या सेटचं ठरलेलं कोलेशन घेतो. सर थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "डंपमध्येच लिहावं लागेल मग." तेच करायचं ठरलं: डंप भरण्याआधी प्रत्येक टेबलच्या व्याख्येत कोलेशन स्पष्ट घालायचं, आणि जुन्या सर्व्हरवर असतानाच डेटातल्या शेपटाच्या स्पेस काढायच्या.

स्पेस शोधायचं काम मुलाकडे दिलं. त्याने जुन्या सर्व्हरवर क्वेरी लिहिली: गाव आणि आरट्रिम केलेलं (शेवटच्या स्पेस काढलेलं) गाव जिथे वेगळं आहे त्या ओळी द्या. शून्य ओळी. "मॅम, डेटा स्वच्छ आहे!" मला हसू आलं. जो सर्व्हर स्पेस मोजतच नाही त्यालाच तू विचारतोयस की स्पेस आहे का. दोन्हींची लेंथ ताडून बघ म्हटलं. मग शेकड्यांनी ओळी आल्या: विंचूर, लासलगाव, पिंपळगाव, चांदोरी, सगळ्यांची जुळी भावंडं.

संध्याकाळी नवी टेस्ट लिहिली. टेबलची व्याख्या मुद्दाम डंपमधून घेतली, आमची दुरुस्तीची स्क्रिप्ट त्यावर चालवली, इन्फर्मेशन स्कीमातून (सर्व्हर टेबलांची माहिती ठेवतो तिथून) कोलेशन छापून घेतलं आणि गावाचं नाव छापताना दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावले. निकालाच्या फाइलमध्ये स्पेस आली तर ती कंसाच्या आत उघडी पडली पाहिजे. आधी स्क्रिप्टशिवाय चालवून ती पडते हे बघितलं, मगच स्क्रिप्ट जोडली. न पडलेल्या टेस्टवर माझा विश्वास बसत नाही.

क्रमाच्या टेस्टमधली एक मात्र मी 'सॉर्टेड रिझल्ट' काढून तशीच पडू दिली. गेटवर रोज छापली जाणारी गावांची यादी अकारविल्हे लागते, ती निव्वळ ग्रुप बायच्या जुन्या सवयीवर. तिथे चूक प्रोग्रामची होती, म्हणून ऑर्डर बाय तिथेच घातलं. मुनीमजी यादीत बोटाने गाव शोधतात. ती विस्कटली असती तर सोमवारी सकाळी पहिला फोन त्यांचाच आला असता.

शनिवारी सगळं भरून बघितलं तर पट्टीची स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) पडली. एरर १२६७, दोन कोलेशनची मिसळ चालत नाही. प्रोसिजर स्वतःच्या आत एक तात्पुरतं टेबल बनवते, त्याच्या व्याख्येतही फक्त कॅरॅक्टर सेट. ते झालं ०९००, खरं टेबल जनरल, आणि दोन्ही जोडणारा जॉइन अडला. ही एरर मला आवडते, निदान ओरडून तरी सांगते. आमची स्क्रिप्ट फक्त टेबलांच्या व्याख्या बघत होती, ती प्रोसिजरच्या आतही जाईल असं केलं. मुलाने अशा बाकीच्या प्रोसिजर शोधून काढल्या आणि प्रत्येकीसाठी एकेक टेस्ट लिहिली. निकाल रेकॉर्ड करण्याआधी प्रत्येक आउटपुट त्याने कागदावर हिशोब करून तपासलं. मी सांगितलं नव्हतं. रात्री साडेआठला सगळं हिरवं झालं आणि आम्ही रविवारसाठी डंपची वेळ मुनीमजींना कळवली.