तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड त्या खोलीत, प्रोग्राम या खोलीत

"सर, ग्राफिक्स कार्ड एका मशीनमध्ये आणि प्रोग्राम दुसऱ्यावर, स्लो नाही का होत?" रत्नागिरीतल्या आमच्या लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. होतं. कधीकधी. झालं समाधान? दहा मशीनला कार्डं दोनच, आणि ज्याच्या मशीनमध्ये कार्ड तो जेवायला गेला की कार्डही रिकामं बसतं, म्हणून हा उद्योग. प्रोग्राम कार्डाला काम सांगतो तो कुडाचा (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या सॉफ्टवेअरचा) कॉल मधेच धरायचा, नेटवर्कवरून कार्डवाल्या मशीनला द्यायचा, उत्तर परत आणायचं, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या विद्यापीठातल्या आरकुडा या सॉफ्टवेअरने हे कधीच केलंय, आमचा काही शोध नाही.

आता ते जुलैतलं. एका विद्यार्थिनीच्या मशीन लर्निंग मॉडेलचं ट्रेनिंग सारखं रखडायचं, ती म्हणाली सर एकदा नेटवर्क बघता का. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी कोड नीट लिही, मग नेटवर्कला नावं ठेव." इन्फिनिबँड, म्हणजे मशीन जोडणारं खास वेगवान नेटवर्क, सेकंदाला ५६ गिगाबिट, केबल मी स्वतः ओढलेली, माज होता. तिने लॅपटॉप मिटला आणि गेली. रात्री बाहेर धो धो पाऊस, लॅबमध्ये मी एकटा, सहज म्हणून चार जीबी पाठवले आणि इन्फिनिबँडच्या पोर्टचा काउंटर, किती डेटा गेला ते मोजणारा, बघितला. ढिम्म. एक आकडा हलला नाही. होस्ट्स फाइल (कुठल्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता कुठला, त्याची यादी) उघडली तर सर्व्हरच्या नावाशी साध्या इथरनेटचा पत्ता, एंट्री माझीच. म्हणजे इतके दिवस सगळा डेटा एक गिगाबिटच्या साध्या इथरनेटवरून, सेकंदाला जेमतेम ११५ एमबी, चार जीबीला पस्तीस सेकंद. पत्ता बदलला, आरडीएमए (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीतून मेमरीत डेटा) चालू केलं, पिन्ड बफर (मेमरीतली जागेवरून न हलणारी जागा) घेतले, डेटाचे तुकडे केले म्हणजे एक वायरवर असताना आधीचा कार्डात शिरतोय. तेच चार जीबी सेकंदाच्या आत.

तरी तिचा प्रोग्राम कार्ड शेजारी असताना लागतो त्याच्या दुप्पट वेळ खातच होता (हे स्वतःला वाचवायला सांगत नाहीये, बरं, थोडं सांगतोय). दर स्टेपला हजारो बारीक कॉपी, प्रत्येकीच्या उत्तरासाठी थांबणं. दाभोळची फेरीबोट केवढीही असू दे, एकेक नारळ घेऊन धोपाव्याला खेपा मारल्यात तर दिवस जाणारच. कॉपी एकत्र केल्या, बरंचसं सुटलं, सगळं नाही.

म्हणजे कोडबद्दल मी बरोबर होतो की, असं तेव्हाचा मी अजून म्हणतो. अरे पण तू तो कोड उघडून तरी बघितला होतास का?

होस्ट्स फाइलचं मी तिला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये, आजूबाजूला कुणी नसताना. "बरं सर," म्हणाली.