तवांगची वाट: भालुकपाँग ते बुम ला, सीमावाद पाहत

अरुणाचलातल्या तवांगला जाणारे बहुतेक जण सेला खिंड, जसवंतगढ स्मारक, माधुरी लेक आणि सीमेवरची बुम ला खिंड उरकतात आणि परत फिरतात. फोटो छान येतात, पण चीन या एका जिल्ह्यासाठी एवढा का अडून बसलाय ते कळत नाही. चीनचा दावा अख्ख्या अरुणाचलवर आहे. तरी १९८५ पासून वाटाघाटींत त्याचं बोट तवांगवरच पडतं. त्याचं कारण खिंडीत शोधू नका, गोम्पात म्हणजे तिथल्या बौद्ध मठात शोधा. म्हणून सहल आखताना तवांग गावासाठी निदान एक अख्खा दिवस राखून ठेवा.

आधी कागदपत्रं. भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट (आयएलपी) लागतं. ते राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन काढता येतं आणि भालुकपाँगच्या नाक्यावर तपासतात. अर्जात तवांग आणि पश्चिम कामेंग हे दोन्ही जिल्हे लिहा. प्रिंट जवळ ठेवा, नाक्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. ग्रुपमध्ये परदेशातून आलेले ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) नातेवाईक असतील तर आधीच सांगून ठेवा: त्यांना वेगळं प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं आणि बुम लाला त्यांना सोडत नाहीत. हा घोळ तवांगला पोचल्यावर लक्षात आला तर त्यावर इलाज नसतो.

गुवाहाटीहून एका दमात तवांग गाठायचा हट्ट नको. दिरांग साधारण पाच हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडं खालीच. तवांग दहा हजारांवर, सेला १३,७०० वर आणि बुम ला १५,२०० फुटांवर. दिरांगला मुक्काम न करता वर गेलेल्यांची बुम लाला डोकी धरतात, उलट्या होतात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. दारू मात्र वर पोचल्यावर पहिले दोन दिवस नाहीच. आणखी एक, इथे अंधार लवकर पडतो. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी सहाला चाकं हलली पाहिजेत.

दिरांगच्या मुक्कामात थेंबांगला जाऊन या. दगडी वेशींचं हे मोन्पा या स्थानिक जमातीचं जुनं गाव पर्यटकांच्या यादीत क्वचितच असतं, पण १९६२च्या चीन युद्धाचा पूर्वेकडचा निकाल याच बाजूला लागला. सेलावर आपली ब्रिगेड भक्कम ठाण मांडून होती. चिन्यांनी तिच्याशी समोरून झुंजत बसण्याऐवजी बेली ट्रेल धरली. बेली आणि मोर्सहेड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९१३ मध्ये धुंडाळलेली ही पायवाट पोशिंग लावरून थेंबांगला उतरते. १७ नोव्हेंबरला त्यांनी दिरांग–बोमडिला रस्ता तोडला, सेला मागून एकाकी पडलं आणि लढत बसण्याऐवजी माघारीचा हुकूम सुटला. गावाच्या वेशीत उभं राहून खालच्या रस्त्याकडे पाहिलं की नकाशाशिवाय हे उमगतं.

सेला बोगदा ९ मार्च २०२४ ला खुला झाला. दोन बोगदे आहेत, एक ९८० मीटरचा आणि दुसरा १,५५५ मीटरचा. चीनने दोनच दिवसांत निषेध नोंदवला. साहजिक आहे, पूर्वी बर्फ पडलं की तवांगची रसद खिंडीत अडायची. जाताना बोगद्यातून जा आणि येताना हवा मोकळी असेल तर जुन्या घाटाने खिंडीवर या, सरोवर तिथेच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो. चाकांना साखळ्या नसलेला ड्रायव्हर नाकारा. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, तेव्हा एक दिवस जादा धरा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बरे महिने.

जसवंतगढला लष्कर चहा पाजतं. रायफलमन जसवंतसिंह रावत यांनी तीन दिवस एकट्याने खिंड लढवल्याची कथा तिथे ऐकायला मिळते. नोंदीतली हकीकतही काही कमी नाही: १७ नोव्हेंबरला नुरानांगला ४ गढवाल रायफल्सचे रावत, त्रिलोकसिंह नेगी आणि गोपालसिंह गुसाईं सरपटत गेले आणि शत्रूची मशीनगन घेऊन आले. परतीच्या वाटेवर पहिले दोघे पडले.

बुम लासाठी वेगळी परवानगी लागते. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडे किंवा टॅक्सीवाल्याकडे मूळ ओळखपत्र, प्रती आणि आयएलपीची प्रत द्या, उपायुक्त कार्यालयातलं काम तेच करून आणतात. गाडी स्थानिकच लागते. गुवाहाटीहून आणलेली गाडी त्या दिवशी उभी राहणार, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. अंतर ३७ किलोमीटर, पण रस्ता आणि तपासण्या धरून दिवस जातो. वर अर्धा तास पुरे. धावपळ करू नका. फोटो जवान सांगतील तिथेच काढा, ड्रोन पेटीतच राहू द्या. इथली झोपडी दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीची जागा आहे; सीमेवर अशा ठरलेल्या पाच जागा आहेत. तरीही ९ डिसेंबर २०२२ ला याच जिल्ह्यात यांगत्सेला झटापट झालीच.

आता गोम्पा. १६८०-८१ मध्ये मेराग लामांनी पाचव्या दलाई लामांच्या इच्छेने तो उभारला. ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठाशी तो बांधलेला होता आणि इथला कर तिबेटकडे जायचा. सहावे दलाई लामा १६८३ मध्ये जवळच्या उर्गेलिंगला जन्मले. चीनचा युक्तिवाद यावरच उभा आहे: तिबेट आमचा, म्हणून तवांगही आमचं. पण १९१४ च्या सिमला करारात तिबेटनेच मॅकमोहन रेषा ही भारताशी असलेली सीमा मान्य केली होती, आणि तिबेटला असा करार करायचा हक्क होता हे मान्य केलं तर चीनची सगळीच मांडणी ढासळते. फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग यांनी गोळी न झाडता इथे भारतीय प्रशासन बसवलं. त्यांच्या नावाचं संग्रहालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे, ते चुकवू नका. दलाई लामांच्या वारसाचा प्रश्न तापेल तसा हा गोम्पा बीजिंगला अधिक खुपणार. दलाई लामांनी २ जुलै २०२५ ला निवडीचा अधिकार आपल्या ट्रस्टचाच असल्याचं सांगितलं, चीन मात्र सरकारी मंजुरीवर अडून आहे. दरम्यान २०१७ पासून पाच याद्या काढून चीनने अरुणाचलातल्या ८९ ठिकाणांना आपली नावं दिली आहेत. गावात ती कुणाच्या तोंडी नाहीत.

दिवस शिल्लक असेल तर लुमलामार्गे झेमिथांगला जा. गोरसाम चोर्टेन हा स्तूप तिथेच आहे आणि ३१ मार्च १९५९ ला दलाई लामा याच खोऱ्यातून भारतात आले. टाकी तवांगलाच पूर्ण भरा, जेवण बरोबर घ्या. दक्षिणेकडच्या डोंगरांपलीकडे भूतानचं साकतेंग अभयारण्य आहे, ज्यावर चीनने २०२० मध्ये अचानक हक्क सांगितला. साकतेंगला चीनची हद्द लागतच नाही. अरुणाचल चीनचं धरलं तरच लागते. भूतानवरचा तो दबाव दिल्लीसाठीही होता. झेमिथांगहून दुपारी दोनच्या आत परत निघा, लुमलाच्या पुढची वळणं अंधारात नकोत.